कॅलिफोर्नियात शिक्षक व्हायचंय? क्रेडेन्शिअल आणि मास्टर्ससाठी पैसे कुठून उभे करायचे

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर पदवीनंतर टीचिंग क्रेडेन्शिअल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, लागतो. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे सीएसयूच्या कॅम्पसवर २०२५-२६ मध्ये क्रेडेन्शिअलची वर्षाची ट्यूशन (शिक्षण शुल्क) साडेसात हजार डॉलरच्या आसपास आहे, मास्टर्सची आठ हजारांच्या थोडी वर. कॅम्पसची फी वेगळी. खाजगी विद्यापीठात हाच आकडा कितीतरी पट होतो. पण खिशाला खरी चाट बसते ती फीमुळे नाही. सुमारे ६०० तासांचं क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, असतो, त्यातलं बरंचसं स्टुडंट टीचिंग बिनपगारी असतं आणि त्या काळात दुसरी पूर्णवेळ नोकरी करणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून हिशोब 'फी किती' असा न मांडता 'फी अधिक वर्षभराचा घरखर्च' असा मांडावा.

आधी हे तपासा: अभ्यासक्रम करायलाच हवा का?

भारतात बी.एड. केलं असेल तर विद्यापीठाचा अर्ज भरण्याआधी कागदपत्रांचं मूल्यमापन करून घ्या. राज्याच्या कमिशन ऑन टीचर क्रेडेन्शिअलिंगकडे, म्हणजे सीटीसीकडे, परदेशात शिक्षक-प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी वेगळा मार्ग आहे. मूल्यमापन सीटीसीने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच लागतं. अहवालात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची आहे, आणि बी.एड. हा प्रत्यक्ष वर्गातल्या सरावपाठांसह पूर्ण केलेला शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम आहे. हे जुळलं तर काही परीक्षा आणि अटी पूर्ण करून क्रेडेन्शिअल मिळू शकतं आणि वर्षभराचा खर्च वाचतो. एवढी मोठी बचत कुठलीच शिष्यवृत्ती करून देत नाही.

दुसरी अडचण तीन वर्षांच्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची. ही पदवी एकटी दाखवली तर ती अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जाईलच असं नाही. एम.ए. किंवा एम.कॉम. झालं असेल तर दोन्हींची गुणपत्रकं एकत्र पाठवा, तेव्हा बहुतेकदा प्रश्न सुटतो. हे आधी न केल्यामुळे प्रवेश मिळूनही मदत अडकते.

तुम्ही कोणत्या खान्यात बसता?

मदतीचं सगळं गणित या एका प्रश्नावर फिरतं आणि नेमका हाच प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत.

नुसतं क्रेडेन्शिअल करणारा विद्यार्थी पदवीधर असला तरी केंद्र सरकारच्या कर्जाच्या नियमांत तो 'पाचव्या वर्षाचा अंडरग्रॅज्युएट' मानला जातो. मास्टर्सला प्रवेश घेतलेला विद्यार्थी ग्रॅज्युएट. फरक असा पडतो:

- क्रेडेन्शिअल (स्वतंत्र, म्हणजे आई-वडिलांवर अवलंबून न धरलेला विद्यार्थी): वर्षाला १२,५०० डॉलरपर्यंत डायरेक्ट लोन, म्हणजे थेट केंद्र सरकारचं कर्ज. गरज सिद्ध झाली तर त्यातले ५,५०० पर्यंत सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. २०२५-२६ चा व्याजदर ६.३९ टक्के.
- मास्टर्स: वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत, पण सगळं अनसबसिडाइज्ड. पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चालू. त्याच वर्षाचा दर ७.९४ टक्के.

पेल ग्रँट, म्हणजे गरजूंना मिळणारी आणि परत न करायची फेडरल मदत, मास्टर्सवाल्यांना मिळतच नाही. क्रेडेन्शिअलवाल्यांना काही अटींवर मिळू शकते, त्या पुढे येतीलच.

आता घोडं पेंड खातं ते 'क्रेडेन्शिअल विथ एम.ए.' अशा जोड-अभ्यासक्रमात. काही ठिकाणी पहिलं वर्ष क्रेडेन्शिअलच्या खान्यात धरतात आणि एम.ए. नंतर सुरू होतं, तर काही ठिकाणी पहिल्या दिवसापासून तुम्ही ग्रॅज्युएट असता. दोन कॅम्पसच्या माहितीपत्रकात अभ्यासक्रमाचं नाव तेच असेल, पण मदतीचं पत्र वेगळं येईल. म्हणून प्रवेश नक्की करण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलनेच विचारा: "फेडरल मदतीसाठी माझी गणना पहिल्या सत्रात अंडरग्रॅज्युएट म्हणून होईल की ग्रॅज्युएट म्हणून?" उत्तर लेखी असू द्या.

वयाचा मुद्दाही इथेच येतो. मास्टर्सचा विद्यार्थी आपोआप 'स्वतंत्र' ठरतो. नुसतं क्रेडेन्शिअल करणारा २२ वर्षांचा अविवाहित मुलगा किंवा मुलगी मात्र आई-वडिलांवर अवलंबून मानली जाते. २०२६-२७ साठी १ जानेवारी २००३ च्या आधी जन्मलेले, विवाहित, किंवा स्वतःची मुलं सांभाळणारे स्वतंत्र धरले जातात. इथेच वाढलेल्या आपल्या मुलांना त्यामुळे धक्का बसतो: 'पदवी झाली, आता आईबाबांचं उत्पन्न कशाला?' तर लागतं.

व्हिसा कोणता, यावर काय अवलंबून आहे

फेडरल मदत नागरिकांना आणि 'पात्र बिगर-नागरिकांना' मिळते. या दुसऱ्या गटात आपल्यापैकी बहुतेकांसाठी एकच गोष्ट येते, ग्रीन कार्ड. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा), एफ-१ (विद्यार्थ्यांचा) यांना फेडरल मदत नाही. एच-४ वर ईएडी मिळालं असलं तरी नाही, कारण ईएडी ही कामाची परवानगी आहे, त्याने स्थलांतराचा दर्जा बदलत नाही. आय-१४० (नोकरीच्या आधारे ग्रीन कार्डासाठीचा अर्ज) मंजूर होऊन रांगेत असणंही पुरेसं नाही.

एच-१बी आणि एच-४ वाल्यांना एक दिलासा आहे. राज्यात किमान वर्षभर राहून इथेच स्थायिक असल्याचे पुरावे दिले तर ट्यूशनसाठी ते कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरू शकतात, आणि नॉन-रेसिडेंट दर टळतो. एफ-१ वर हे होत नाही. पुरावे म्हणजे राज्याचा टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, घराचा करार. टॅक्स रिटर्नवर दोघांचीही नावं असावीत.

ईएडी असेल तर शाळेत पगारी काम करता येतं, आणि एच-४ वाल्यांसाठी पैशाचा खरा रस्ता तोच आहे. त्याबद्दल पुढे.

फाफ्सा: पायरी पायरीने

फाफ्सा हा फेडरल मदतीचा एकच अर्ज. दरवर्षी १ ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या शैक्षणिक वर्षाचा अर्ज खुला होतो. राज्याच्या मदतीसाठी २ मार्च ही महत्त्वाची तारीख. प्रवेशाचं पत्र येण्याची वाट पाहू नका, ज्या विद्यापीठांना अर्ज करणार आहात ती सगळी यादीत टाका. अर्ज फुकट आहे. 'भरून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

१. स्टुडंट एडच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा. नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तशीच, अक्षर न् अक्षर. आपल्याकडे हे सगळ्यात जास्त बिघडतं: कार्डावर माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, ग्रीन कार्डावर दोन नावं जोडून एक. सोशल सिक्युरिटीशी नाव जुळलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो. आधी सोशल सिक्युरिटी ऑफिसात जाऊन नाव सरळ करून घ्या, मग खातं उघडा.

२. ग्रीन कार्ड असेल तर एलियन रजिस्ट्रेशन नंबर लागतो. कार्डावर तो 'यूएससीआयएस नंबर' म्हणून छापलेला असतो, नऊ आकडी. नागरिकत्व मिळून वर्ष उलटलं तरी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत जुनाच दर्जा राहिलेला असतो. तोही आधी बदलून घ्या, नाहीतर ऑफिस नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मागेल आणि त्यात आठवडे जातील.

३. 'पहिली बॅचलर्स पदवी मिळालेली असेल का?' याला उत्तर 'हो'. पुणे विद्यापीठाची पदवी ही पदवीच आहे. 'अमेरिकेतली नाही, म्हणून नाही' असं लिहिणाऱ्यांना कधी कधी चुकून पेल ग्रँट मंजूर होते, आणि पुढे गुणपत्रकं पाहिल्यावर ती परत करावी लागते.

४. इयत्तेच्या प्रश्नाला वर मिळालेल्या लेखी उत्तराप्रमाणे उत्तर द्या. क्रेडेन्शिअलवाल्याने सवयीने 'ग्रॅज्युएट' निवडलं तर पेल आणि सबसिडाइज्ड कर्ज दोन्हींचा विचारच होत नाही.

५. आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, कराची माहिती थेट घेण्याची संमती द्या. संमती नाही तर फेडरल मदत नाही, अपवाद नाही. २०२६-२७ च्या अर्जात २०२४ चं उत्पन्न धरलं जातं. नवरा-बायकोने टॅक्स एकत्र भरला असेल तर जोडीदाराला वेगळी संमती द्यावी लागत नाही. वेगवेगळा भरला असेल तर त्यालाही खातं उघडून संमती द्यावी लागते.

६. मालमत्ता. राहतं घर आणि ४०१-के सारखी निवृत्तीची खाती सांगायची नसतात. पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट, ठाण्यातलं बंद घर, बँकेतली एफडी, एनआरई-एनआरओ खाती, म्युच्युअल फंड हे सगळं सांगायचं असतं. भारतात आहे म्हणून सुटत नाही. अर्ज भरता त्या दिवशीची किंमत डॉलरमध्ये, कर्ज वजा करून, आणि तुमच्या नावावर जेवढा हिस्सा तेवढाच. सासऱ्यांच्या नावावरचं घर तुमचं नाही, ते लिहू नका.

अर्ज झाला की एसएआय नावाचा आकडा येतो. तो उणे १,५०० पासून सुरू होतो. जितका कमी तितकी गरज जास्त. घरात एक बऱ्यापैकी टेक पगार असेल तर आकडा मोठा येणार, आणि गरजेवर आधारलेली ग्रँट जवळपास संपलीच. तरीही अर्ज भराच, कारण अनसबसिडाइज्ड कर्ज आणि टीच ग्रँट (शिकवण्याच्या अटीवर मिळणारी, पुढे येईलच) गरजेवर नसतात आणि फाफ्साशिवाय मिळत नाहीत. राज्याच्या बहुतेक योजनाही आधी फाफ्सा मागतात.

नोकरी गेली असेल, किंवा स्टुडंट टीचिंगसाठी सोडावी लागली असेल, तर दोन वर्षांपूर्वीचा पगार तुमची आजची स्थिती दाखवत नाही. ऑफिसकडे 'प्रोफेशनल जजमेंट' मागा. सोबत ले-ऑफचं पत्र, शेवटची पे-स्लिप, चालू वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज जोडा. फाफ्सातला आकडा स्वतः बदलू नका, बदल ऑफिसच करतं. हा अधिकार त्यांच्या मर्जीचा आहे, पण कागद व्यवस्थित असले तर ऐकतात.

परत न करायचे पैसे

पेल ग्रँटची २०२५-२६ ची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर. क्रेडेन्शिअलवाल्याला ती मिळण्यासाठी पहिलंच क्रेडेन्शिअल असावं, किमान अर्धवेळ नोंदणी असावी, अभ्यासक्रम मास्टर्सकडे नेणारा नसावा आणि त्या संस्थेत शिक्षणशास्त्राची बॅचलर्स पदवी दिली जात नसावी. ही शेवटची अट विचित्र वाटते, पण कॅम्पस निवडताना तीच आडवी येते. आयुष्यभराची मर्यादा बारा पूर्ण सत्रांची आहे. इथेच पदवी घेताना पेल वापरली असेल तर किती शिल्लक आहे ते पाहा.

सीएसयूमध्ये स्टेट युनिव्हर्सिटी ग्रँट आहे. कमी एसएआयवाल्यांची सिस्टिमची ट्यूशन तिच्यातून पूर्ण किंवा अंशतः सुटते आणि क्रेडेन्शिअल व मास्टर्सचे विद्यार्थीही तिला पात्र असतात. पैसे मर्यादित, म्हणून मार्चची तारीख पाळायची.

पदवीच्या वेळी राज्याची कॅल ग्रँट ए किंवा बी मिळत असेल तर क्रेडेन्शिअलसाठी ती आणखी एक वर्ष वाढवून मिळते. पदवी संपल्यापासून १५ महिन्यांच्या आत क्रेडेन्शिअलला प्रवेश घ्यावा लागतो आणि जी-४४ नावाचा फॉर्म भरावा लागतो. आपोआप काही होत नाही. पदवीनंतर दोन वर्षं नोकरी करून परतणारे हा हक्क गमावून बसतात.

अटींचे पैसे, आणि इथे ताकही फुंकून प्यावं

टीच ग्रँट वर्षाला ४,००० डॉलरची म्हणून जाहीर होते. कपातीनंतर हातात पडतात ३,७७२. ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला एकूण ८,००० पर्यंत, अंडरग्रॅज्युएट आणि पदवीनंतरच्या क्रेडेन्शिअलला मिळून १६,००० पर्यंत. चारपैकी ३.२५ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, किंवा प्रवेश परीक्षेत वरच्या २५ टक्क्यांत असावं लागतं. भारतातल्या टक्क्यांचं जीपीएत रूपांतर मूल्यमापन करणारी संस्था करून देते. मुंबई विद्यापीठाचे ६२ टक्के इकडे २.५ होत नाहीत, हे लक्षात ठेवा आणि स्वतःच नाउमेद होऊन अर्ज टाळू नका.

बदल्यात अभ्यासक्रम संपल्यापासून आठ वर्षांत चार पूर्ण वर्षं शिकवायचं, तेही कमी उत्पन्न गटातल्या मुलांच्या शाळेत आणि टंचाईच्या विषयात. गणित, विज्ञान, स्पेशल एज्युकेशन, द्विभाषिक शिक्षण, परदेशी भाषा आणि रीडिंग स्पेशालिस्ट हे कायम यादीत असतात. बाकीचे विषय राज्याच्या त्या त्या वर्षाच्या टंचाई-यादीवर ठरतात. तुमचे निम्म्याहून जास्त तास त्या विषयाचे असावे लागतात.

अट मोडली तर ग्रँटचं अनसबसिडाइज्ड कर्ज होतं, आणि व्याज त्या दिवसापासून नाही, पैसे पहिल्यांदा मिळाले त्या दिवसापासून लागतं. एका वर्षाचे ३,७७२ डॉलर घेतले आणि सहा वर्षांनी कर्ज झालं असं समजा. ६.३९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज सुमारे २४१, सहा वर्षांचं १,४४६. म्हणजे डोक्यावर सुमारे ५,२०० डॉलर, त्यातला एकही तुम्ही व्याजाच्या नावाने आधी पाहिलेला नाही.

लोक फसतात ते तीन जागी. एक, मल्टिपल सब्जेक्ट म्हणजे प्राथमिक शाळेचं क्रेडेन्शिअल घेणारे. त्यांचा विषय यादीत आहे की नाही हे वर्षावर अवलंबून असतं. करारावर सही करता त्या वर्षाची राज्याची यादी पीडीएफमध्ये जपून ठेवा, ती पुढे ग्राह्य धरली जाते. दोन, घराजवळची शाळा. क्युपर्टिनो, सॅन रमोन, प्लेझंटनसारख्या आपली माणसं दाट असलेल्या भागांतल्या अनेक शाळा कमी उत्पन्नाच्या यादीत नसतात. शाळांची यादी फेडरल संकेतस्थळावर शोधता येते, सही करण्याआधी ती उघडून घरापासून अर्ध्या तासातल्या शाळा पाहा. एकदा यादीत असलेली शाळा तुम्ही तिथे शिकवत असताना वगळली गेली तरी तुमची पुढची वर्षं मोजली जातात. तीन, कागदपत्र. दरवर्षी मुख्याध्यापकांच्या सहीने नोकरीचा दाखला पाठवायचा असतो. आमचं मत स्पष्ट आहे: गणित, विज्ञान किंवा स्पेशल एज्युकेशनवाल्यांनी टीच ग्रँट जरूर घ्यावी, बाकीच्यांनी आधी यादी पाहावी आणि मगच सही करावी.

गोल्डन स्टेट टीचर ग्रँट ही राज्याची. सुरुवातीला २०,००० डॉलरपर्यंत होती, नंतर कमाल १०,००० वर आली, आणि शिकवण्याच्या अटीतही बदल होत गेले. नेमून दिलेल्या प्रायॉरिटी शाळेत काम करावं लागतं, नाहीतर पैसे परत. जुन्या व्हिडिओतला आकडा धरून बसू नका, त्या वर्षाच्या अर्जावर छापलेल्या अटीच खऱ्या. निधी मर्यादित असतो, उशिरा अर्ज करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

टीचर रेसिडेन्सी मात्र फार कमी लोक विचारतात. अनुभवी शिक्षकासोबत पूर्ण शालेय वर्ष, किमान अर्धा दिवस वर्गात, आणि त्याच वेळी क्रेडेन्शिअलचे वर्ग. राज्याच्या अनुदानावर चालणाऱ्या रेसिडेन्सीत किमान २०,००० डॉलर स्टायपेंड मिळतो. पुढे त्या शाळा-जिल्ह्यात, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळात, चार वर्षं काम करायचं. चार वर्षं इथेच राहणार असाल तर बिनपगारी स्टुडंट टीचिंगपेक्षा हे कितीतरी बरं. अर्ज नुसता विद्यापीठाकडे नाही, शाळा-जिल्ह्याकडेही असतो, आणि मुदत बरीच आधी संपते.

२०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात स्टुडंट टीचिंग करणाऱ्यांसाठी १०,००० डॉलर स्टायपेंडचीही तरतूद झाली आहे. पैसा जिल्ह्यांमार्फत येतो. तुम्हाला जिथे नेमणूक मिळणार त्या जिल्ह्याने भाग घेतला आहे का, हे नेमणूक स्वीकारण्याआधी विचारा.

विज्ञान, गणित, अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असलेल्यांसाठी नॉइस स्कॉलरशिप: वर्षाला किमान १०,००० डॉलर, आणि प्रत्येक वर्षाच्या शिष्यवृत्तीमागे दोन वर्षं गरजू जिल्ह्यात शिकवणं. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले पात्र. ती ठरावीक कॅम्पसवरच असते.

पगार घेत शिकणं

इंटर्न क्रेडेन्शिअलवर तुम्ही पहिल्या दिवसापासून पगारी शिक्षक असता आणि संध्याकाळी क्रेडेन्शिअलचे वर्ग करता. आधी विषयज्ञानाची अट आणि १२० तासांचं पूर्वप्रशिक्षण पूर्ण लागतं. स्पेशल एज्युकेशनमध्ये अशा जागा सहज मिळतात. पहिलं वर्ष भयंकर दमछाक करतं हे खरं. आणि इंटर्न म्हणून केलेलं काम टीच ग्रँटच्या चार वर्षांत धरत नाहीत, ती वर्षं अभ्यासक्रम संपल्यावरच सुरू होतात.

शाळेत पॅराएज्युकेटर किंवा इन्स्ट्रक्शनल एड (दोन्ही वर्गातले मदतनीस) म्हणून किंवा ऑफिसात काम करत असाल तर क्लासिफाइड स्कूल एम्प्लॉयी कार्यक्रम पाहा. जिल्ह्याला निधी मिळालेला असेल तर वर्षाला ४,८०० डॉलरपर्यंत, पाच वर्षांपर्यंत. ईएडीवाल्यांसाठी हा मार्ग विशेष सोयीचा: आधी एडची नोकरी, शाळेची ओळख, मग जिल्ह्याच्या पैशातून क्रेडेन्शिअल. एचआरला थेट विचारा, भिंतीवर नोटीस लागत नाही.

यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, मास्टर्स किंवा पीएच.डी. करताना २५ टक्के वेळेची टीएची (टीचिंग असिस्टंटची) जागा मिळाली तर फीत बरीच सूट मिळते. पण एका वर्षाच्या क्रेडेन्शिअल-एम.ए. मध्ये दिवसभर शाळेत असता, टीए करायला वेळच उरत नाही.

कर्ज घ्यायचंच तर

क्रम असा ठेवा: सबसिडाइज्ड, मग अनसबसिडाइज्ड, आणि अगदी गरज पडली तरच खाजगी. पहिल्या दोन्ही फेडरल कर्जांतून सुमारे एक टक्का फी आधीच कापली जाते, म्हणून १२,५०० मंजूर झाले तरी खात्यात थोडे कमी येतील.

जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मोठे बदल केले आहेत. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस, म्हणजे ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचं जादा फेडरल कर्ज, मिळत नाही. मास्टर्ससाठी वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर हीच मर्यादा. आधीपासून त्या अभ्यासक्रमात असून कर्ज घेतलेल्यांना काही काळ सवलत आहे. महागड्या खाजगी विद्यापीठाचं एम.ए. आता फेडरल कर्जात बसत नाही, आणि उरलेली रक्कम खाजगी कर्जाने भरणं हे शिक्षकाच्या पगारावर परवडत नाही. शिवाय आता पूर्णवेळापेक्षा कमी युनिट घेतले तर वर्षाची मर्यादाही त्या प्रमाणात कमी होते. नोकरी सांभाळत दोन-दोन कोर्स करणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

पर्किन्स कर्जाची माहिती अजूनही जुन्या पानांवर सापडते. ती योजना २०१७ मध्ये बंद झाली आहे.

मदतीचं पत्र आलं की

पत्रातली 'एकूण मदत' ही रक्कम पाहून हुरळून जाऊ नका. त्यात कर्ज मिसळलेलं असतं. कागदावर तीन रकाने पाडा: परत न करायचे, अटींचे, कर्ज. तिन्हींची बेरीज वेगळी करा.

मग तपासा की खर्चाच्या अंदाजात मुलांच्या डे-केअरचा खर्च, प्रवास आणि क्रेडेन्शिअलचा अर्ज-परवाना खर्च धरला आहे का. पावत्या देऊन हे वाढवून मागता येतं. खर्चाचा अंदाज वाढला की मदतीची मर्यादाही वाढते.

उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांत एक खोच असते. जूनमध्ये वर्ग सुरू होत असतील तर काही कॅम्पस ते सत्र सरत्या वर्षात धरतात, काही येत्या वर्षात. सरत्या वर्षात धरलं तर त्या वर्षाचाही फाफ्सा हवा. नाहीतर उन्हाळ्याची फी खिशातून जाते. एप्रिलमध्येच विचारून दोन्ही वर्षांचे अर्ज भरून ठेवा.

मदत फक्त क्रेडेन्शिअलला लागणाऱ्या कोर्सेसवरच मिळते. आवड म्हणून घेतलेला कोर्स युनिटमध्ये मोजला जात नाही, आणि त्यामुळे नोंदणी अर्धवेळाच्या खाली गेली तर कर्ज थांबतं.

घरातलेच पैसे: ५२९ आणि टॅक्स

मुलांच्या नावे ५२९ खातं, म्हणजे शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं, असेल तर लाभार्थी बदलून ते आईच्या किंवा वडिलांच्या शिक्षणासाठी वापरता येतं, त्यावर कर लागत नाही. थोरल्याला शिष्यवृत्ती मिळून पैसे उरले असतील तर हा चांगला मार्ग.

लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमध्ये १०,००० डॉलरपर्यंतच्या फीवर २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर कर वाचतो. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचं उत्पन्न १,६०,००० डॉलरपासून १,८०,००० पर्यंत जाताना हा लाभ कमी होत शून्यावर येतो. एकच फी ५२९ आणि क्रेडिट दोन्हींकडे दाखवता येत नाही.

फेड आणि माफी

टीचर लोन फर्गिव्हनेसमध्ये कमी उत्पन्न गटाच्या शाळेत सलग पाच पूर्ण वर्षं शिकवल्यावर माध्यमिक गणित-विज्ञान आणि स्पेशल एज्युकेशनवाल्यांचे १७,५०० डॉलरपर्यंत, इतरांचे ५,००० पर्यंत माफ होतात. पीएसएलएफमध्ये, म्हणजे पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेसमध्ये, सरकारी नोकरीत १२० पात्र हप्ते भरल्यावर उरलेलं सगळं कर्ज माफ. शाळा-जिल्हा कोणताही चालतो, गरीब-श्रीमंत भेद नाही. पण एकाच काळासाठी दोन्ही मोजता येत नाहीत. कर्ज ३०,००० च्या वर असेल आणि शिक्षकी सोडायची नसेल तर पीएसएलएफकडे जाणं बहुतेकदा फायद्याचं.

हप्ता उत्पन्नावर ठरतो. १ जुलै २०२६ नंतर घेतलेल्या कर्जांसाठी उत्पन्नाधारित योजना म्हणजे आरएपी, हप्ता उत्पन्नाच्या १ ते १० टक्के. नवरा-बायकोने टॅक्स एकत्र भरला तर दोघांचं उत्पन्न धरतात. एकाचा टेक पगार, दुसऱ्याचा शिक्षकाचा, अशा घरात हप्ता इतका मोठा येतो की माफीपर्यंत उरायला काही राहत नाही. वेगवेगळा टॅक्स भरला तर फक्त शिक्षकाचं उत्पन्न धरतात. मात्र त्यात टॅक्स वाढतो आणि काही सवलती जातात. दोन्हींचा हिशोब दरवर्षी मार्चमध्ये, रिटर्न भरण्याआधी मांडून पाहा. हप्त्यात वाचलेली रक्कम वाढलेल्या टॅक्सपेक्षा जास्त असेल त्या वर्षी वेगळा भरा, नसेल त्या वर्षी एकत्र. आणि पीएसएलएफचा नोकरीचा दाखला दरवर्षी जिल्ह्याकडून सही करून पाठवा, नोकरी बदलताना तर जुन्या जिल्ह्याचा आधी घ्या.